गुलाबी चेंडू: एका हिवाळ्याच्या वापरानंतरचा अभिप्राय

कसोटी क्रिकेट टिकावे म्हणून गेली काही वर्षे ज्या सूचना मांडल्या जात आहेत, त्यांतल्या बहुतेकांवर तुमच्या-माझ्यासारख्याला घरबसल्या मत देण्यापलीकडे काही करता येत नाही. सामना चार दिवसांचा करावा, संघांच्या दोन श्रेणी पाडाव्यात, हे ठरवणार क्रिकेट मंडळे. एक सूचना मात्र अशी आहे, की जिची वस्तू दुकानात मिळते, हातात घेता येते आणि आपल्या मैदानावर वापरून पाहता येते. ती वस्तू म्हणजे गुलाबी चेंडू. दिवस-रात्र कसोटीपुरता तो २०१५ पासून रूढ झालेला आहेच. ऑस्ट्रेलियाचे माजी फिरकीपटू शेन वॉर्न यांनी मात्र त्याच्याही पुढे जाऊन, दिवसा खेळल्या जाणाऱ्या सामन्यांसह सगळ्याच कसोट्या गुलाबी चेंडूने खेळवाव्यात आणि तो मऊ पडत असेल तर साठ षटकांनी बदलावा, असे सुचवले होते. ही सूचना मला ऐकल्या दिवसापासून पटत होती. लाल चेंडू पंचविसाव्या षटकानंतर निपचित पडला आहे, खेळपट्टी गोलंदाजाला काही देत नाही आणि फलंदाज सावकाश धावा गोळा करत आहेत, असे दिवस मी पुष्कळ पाहिले आहेत. म्हणून या हिवाळ्यात आमच्या क्लबसाठी सहा गुलाबी चेंडू घेतले, सहा आठवडे ते सरावात वापरले आणि दोन दिवसांचे दोन सामने त्यांनीच खेळवले. पुढचा मजकूर त्या वापरातून आलेला आहे, आणि वापरानंतर माझे मत बदललेले आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो.

चेंडू चामड्याचे, चार तुकड्यांचे, मेरठला तयार झालेले. उत्पादकाचे नाव मी मुद्दाम देत नाही. एका खोक्यावरून कोणाच्या मालाचा निवाडा करणे रास्त नाही, आणि मला जे सांगायचे आहे ते या प्रकाराविषयी आहे. नियमाप्रमाणे चेंडूचे वजन १५५.९ ते १६३ ग्रॅम आणि परीघ २२.४ ते २२.९ सेंटिमीटर असावा लागतो. शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर मी सहाही चेंडू ठेवून पाहिले. पाच चेंडू मर्यादेत होते, एक किंचित जड भरला. तो नेटसाठी बाजूला काढला. लाल चेंडूंच्या खोक्यातही असा एखादा निघतो, त्यामुळे याबद्दल माझी तक्रार नाही.

फरक कळतो तो चेंडू मुठीत घेतल्यावर. लाल चेंडूचे चामडे रंगात मुरवलेले असते, वर मेण किंवा ग्रीसचा हात फिरवलेला असतो, आणि नवे खोके उघडले की त्याचा ओळखीचा वास येतो. गुलाबी रंग असा चामड्यात मुरवून भागत नाही, कारण मग तो रात्री पुरेसा उठून दिसत नाही. म्हणून रंगाचा थर चामड्याच्या पृष्ठावर चढवतात आणि त्यावर लाखेसारखा चकचकीत लेप देतात. या लेपामुळे चेंडू हाताला प्लास्टिकसारखा लागतो. टाके काळ्या दोऱ्याचे आहेत. २०१५ साली ॲडलेडला पहिली दिवस-रात्र कसोटी झाली तेव्हा कुकाबुरा कंपनीच्या गुलाबी चेंडूची शिवण हिरवी होती. ती दिसत नाही अशी फलंदाजांची तक्रार आली आणि पुढच्या वर्षीपासून शिवण काळी झाली. आमच्या मुलांनीही पहिल्याच दिवशी नेटमध्ये शिवणीकडेच बोट दाखवले. चेंडू गोलंदाजाच्या हातातून सुटताना शिवण कोणत्या दिशेला झुकली आहे हे वाचायला जे शिकलेले आहेत, त्यांना लाल पृष्ठावरची पांढरी शिवण जितकी पटकन दिसते तितकी गुलाबीवरची काळी दिसत नाही.

चमक राखण्याचे काम या चेंडूबरोबर जवळजवळ उरतच नाही. लाल चेंडू दिवसभर मांडीवर घासला की गोलंदाजाच्या पांढऱ्या पँटवर तांबडा पट्टा उमटतो आणि त्या पट्ट्यावरून त्याने किती मेहनत केली ते कळते. पहिल्या सामन्याच्या दिवसअखेरीस आमच्या सलामीच्या गोलंदाजाच्या पँटवर अगदी फिकट, धुतल्यावर लगेच जाईल अशी छटा होती. चमक लेपाचीच असते आणि लेप आहे तोवर ती राहते. मुलांना याचे आधी नवल वाटले आणि नंतर सोय वाटू लागली. मला ती सोय वाटत नाही, आणि त्याचे कारण पुढे येईल.

पहिला सामना दुपारी दीडला सुरू केला. पहिली पंधरा-सोळा षटके पाहताना मी मनापासून सुखावलो. चेंडू हवेत उशिरा आणि भरपूर वळत होता, टप्प्यावरून वेगाने निघत होता, आणि आमच्या मध्यमगती गोलंदाजांना स्लिपमध्ये तीन क्षेत्ररक्षक ठेवण्याचे धैर्य कधी नव्हे ते आले. मग चेंडू शांत झाला. साधारण विसाव्या षटकापासून चाळिसाव्यापर्यंत तो सरळ, एकसुरी येत राहिला आणि आमच्या कप्तानाने घातलेल्या शतकी भागीदारीत कसलीही जोखीम दिसली नाही. म्हणजे लाल चेंडूबद्दल माझी जी तक्रार होती, तीच अवस्था याच्या वाट्यालाही आली. फक्त वर रंग ताजा राहिला.

आणि मग दिवेलागण झाली.

मी त्या वेळी गोलंदाजाच्या टोकाला पंच म्हणून उभा होतो. पुण्यात जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. सहाला पश्चिमेकडचे आकाश आधी पिवळट आणि मग गुलाबी-नारिंगी झाले. प्रकाशझोत लागले होते, परंतु आकाशात उजेड शिल्लक असल्यामुळे त्यांचा जोर पडत नव्हता. चेंडूचा रंग आणि आकाशाचा रंग एकमेकांत मिसळले. अर्धशतकाच्या पुढे गेलेला, दोन तास अगदी सहज खेळणारा आमचा सतरा वर्षांचा डावखुरा फलंदाज एक चेंडू सोडून माझ्याकडे वळला आणि म्हणाला, “सर, शिवण दिसत नाहीये. चेंडू टप्प्यावर पडल्यावरच कळतो.” पुढच्या षटकात त्याने कव्हरकडे मारलेला सरळ, हातात येणारा झेल क्षेत्ररक्षकाने सोडला, त्याने हातही वेळेवर वर नेले नाहीत. तो मुलगा आमच्याकडचा सर्वांत विश्वासू क्षेत्ररक्षक आहे, म्हणून मी त्याला रागावलो नाही. त्यानंतरच्या वीस मिनिटांत चार बळी गेले. त्यांपैकी दोन चेंडू खरोखर उत्तम होते आणि दोन अगदी साधे. साधे कोणते हे त्या मुलांनाही ठाऊक आहे. साडेसहा उलटून गेल्यावर आकाश पुरते काळे झाले, झोतांचा उजेड स्वच्छ पडला, आणि चेंडू इतका ठळक दिसू लागला की सीमारेषेवर बसलेल्या पालकांनीही तसे सांगितले. म्हणजे रात्रीच्या उजेडाबद्दल माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो त्या अर्ध्या तासाबद्दल, कारण तो अर्धा तास कोणाच्या वाट्याला यावा हे कौशल्याने ठरत नाही.

रात्री आठच्या पुढे दव पडले. लेपामुळे चामड्यात पाणी मुरत नाही, हे या चेंडूच्या बाजूने नोंदवायला हवे. भिजलेला लाल चेंडू जसा फुगून साबणाच्या वडीसारखा होतो, तसा हा झाला नाही. परंतु टाक्यांचा दोरा ओला होतो आणि गुळगुळीत पृष्ठावर पाण्याचा पातळ थर बसतो. आमच्या डावखुऱ्या फिरकीपटूने एका षटकात तीनदा टॉवेल मागितला. त्याचे बोट शिवणीवर धरत नव्हते, आणि शेवटी कप्तानाने त्याला बाजूला ठेवून मध्यमगती गोलंदाजांकडूनच दिवस संपवून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साठ षटके खेळलेला गुलाबी चेंडू आणि तितकाच वापरलेला लाल चेंडू क्लबच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. लाल चेंडूकडे पाहून त्याचा दिवस वाचता येत होता. एक बाजू काळसर आणि तुळतुळीत, दुसरी बाजू खरवडलेली आणि कोरडी, शिवण दबलेली, एका ठिकाणी सिमेंटच्या कट्ट्यावर आपटल्याची खूण. गुलाबी चेंडूवर दोन-तीन जागी लेपाचा टवका उडालेला होता, नखावरचे पॉलिश जावे तसा, आणि आत पांढुरके चामडे दिसत होते. बाकी दोन्ही बाजू सारख्याच. अंगठ्याने दाबला तर तो लालपेक्षा मऊ लागला. बॅटने हलकेच ठोकून पाहिले तर लालचा आवाज कोरडा येत होता आणि गुलाबीचा बसका. म्हणजे चेंडू आतून थकला होता आणि बाहेरून तरुण दिसत होता. दोन बाजूंमध्ये फरक न पडल्याने जुन्या चेंडूचा उलटा स्विंग (हवेत नेहमीच्या उलट दिशेला वळणे) मिळण्याची शक्यता आमच्या पातळीवर तरी शून्य होती.

माझे मत बदलले ते या टेबलापाशी. कसोटी हा जुना होत जाणाऱ्या चेंडूचा खेळ आहे. नव्या चेंडूवर वेगवान गोलंदाज, तो विटला की मध्यमगती आणि फिरकी, एक बाजू जड झाली की उलटा स्विंग, आणि ८० षटकांनंतर दुसरा नवा चेंडू घ्यायचा की जुन्यानेच पुढे जायचे हा कप्तानाचा निर्णय. सामन्याची अख्खी गोष्ट चेंडूच्या वयावर बांधलेली असते. हे वय किती असावे यात बदल झालेले आहेत. १९४८ च्या इंग्लंड-ऑस्ट्रेलिया ॲशेस मालिकेत ५५ षटकांनंतर नवा चेंडू मिळत होता, आणि ब्रॅडमन यांच्या संघातल्या वेगवान जोडीने त्याचा पुरेपूर लाभ घेतला. परंतु वयाचे गणित बदलणे वेगळे आणि वय दिसूच न देणारा चेंडू आणणे वेगळे. गुलाबी चेंडूच्या सामन्यात कप्तान चेंडूच्या वयाऐवजी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहू लागतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये ॲडलेडला दक्षिण आफ्रिकेच्या फाफ डु प्लेसीने ७६ षटकांत ९ बाद २५९ वर, स्वतः ११८ धावांवर नाबाद असताना डाव घोषित केला, कारण दिवसाची शेवटची षटके ऑस्ट्रेलियाला दिव्यांखाली नव्या चेंडूसमोर खेळायला लावायची होती. डेव्हिड वॉर्नर थोडा वेळ मैदानाबाहेर असल्याने त्याला सलामीला उतरता आले नाही, हाही त्या निर्णयाचा फायदा. कल्पक निर्णय होता, आणि तो मला आवडलाही होता. तरीही उस्मान ख्वाजाने सलामीला येऊन १४५ धावा केल्या आणि सामना ऑस्ट्रेलियाने जिंकला, याचा मला जास्त आनंद झाला, कारण घड्याळावर लावलेला डाव एका फलंदाजाने संयमाने परतवून लावला.

भारतातल्या तीन दिवस-रात्र कसोट्या पाहिल्या तर हा चेंडू किती परावलंबी आहे ते कळते. नोव्हेंबर २०१९ मध्ये ईडन गार्डन्सवर बांगलादेशविरुद्ध पहिली झाली. चेंडू एसजी या भारतीय कंपनीचा, खेळपट्टीवर गवत राखलेले. इशांत शर्माने पहिल्या डावात २२ धावांत ५ बळी घेतले, विदर्भाच्या उमेश यादवने दोन्ही डावांत मिळून आठ, विराट कोहलीने १३६ धावा केल्या, आणि भारत एक डाव व ४६ धावांनी जिंकला. त्या सामन्यात भारताच्या फिरकीपटूंना एकही बळी मिळाला नाही. बांगलादेशच्या दोन खेळाडूंना डोक्यावर चेंडू लागल्यामुळे बदली खेळाडू घ्यावे लागले, हेही विसरून चालणार नाही. त्यानंतर सव्वा वर्षाने, फेब्रुवारी २०२१ मध्ये, अहमदाबादला इंग्लंडविरुद्ध दुसरी झाली. चेंडू त्याच कंपनीचा. सामना दोन दिवसांत संपला, पडलेल्या ३० बळींपैकी २८ फिरकीला मिळाले, अक्षर पटेलने एकूण ११ बळी घेतले आणि जो रूटसारख्या कामचलाऊ फिरकीपटूने ८ धावांत ५ जण बाद केले. लेपामुळे चेंडू टप्प्यावरून वळण्याऐवजी घसरत सरळ आत येत होता, फलंदाज वळणासाठी बॅट बाहेर ठेवत होते, आणि त्रिफळाचीत व पायचीत होत होते. बंगळूरची तिसरी, मार्च २०२२ मधली श्रीलंकेविरुद्धची, तीन दिवसांत आटोपली. तिन्ही भारताने जिंकल्या आणि तिन्हींत पाचवा काय, चौथा दिवसही उजाडला नाही. त्यानंतर भारतात पुरुषांची दिवस-रात्र कसोटी झालेली नाही. याला भित्रेपणा म्हणणारे आहेत. मला तसे वाटत नाही. प्रेक्षकाने पाच दिवसांचे तिकीट काढावे आणि तीन दिवसांत घरी जावे, हे कोणत्याही आयोजकाला दर वर्षी परवडणार नाही.

सगळा दोष दिवेलागणीवर ढकलून मोकळे होता येत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला भारताचा डाव ३६ धावांत संपला, तो तिसऱ्या दिवशी दुपारी, लख्ख उन्हात. जोश हेझलवूडने ८ धावांत ५ आणि पॅट कमिन्सने २१ धावांत ४ बळी घेतले, आणि त्या षटकांत अंधाराचा काडीचाही संबंध नव्हता. जुलै २०२५ मध्ये जमैकाच्या सबाइना पार्कवर वेस्ट इंडीज २७ धावांत गारद झाले; तिथे चेंडू ड्यूक्सचा होता आणि मिचेल स्टार्कने पहिले पाच बळी १५ चेंडूंत मिळवले. तीन कंपन्यांचे तीन गुलाबी चेंडू, आणि तिन्हींच्या नावावर असे पडझडीचे डाव आहेत. कसलेल्या गोलंदाजाच्या हातात पहिली पंधरा षटके हा चेंडू फलंदाजाला फारच महाग पडतो आणि नंतरची तीस षटके फारच स्वस्त जातो, असा माझा निष्कर्ष आहे, आणि आमच्या छोट्या मैदानावरही मला तेच दिसले.

चार दिवसांच्या कसोटीचा आग्रह धरणाऱ्यांनी एक सामना जरूर आठवावा. डिसेंबर २०१७ मध्ये पोर्ट एलिझाबेथला दक्षिण आफ्रिका आणि झिंबाब्वे यांच्यात दोन्ही सुधारणा एकदम राबवल्या गेल्या: चार दिवस, रोज ९८ षटके, आणि गुलाबी चेंडू. सामना दुसऱ्याच दिवशी संपला. दोन्ही संघांच्या ताकदीत मोठे अंतर होते, त्यामुळे एकट्या चेंडूला जबाबदार धरता येणार नाही. तरी इतके खरे, की नियमात बचत केलेला पाचवा दिवस कोणाच्याच कामी आला नाही.

या चेंडूने चांगले सामने दिलेच नाहीत असेही नाही. जानेवारी २०२४ मध्ये ब्रिस्बेनला वेस्ट इंडीजच्या शमार जोसेफने दुखऱ्या पायाने ६८ धावांत ७ बळी घेऊन ऑस्ट्रेलियाला ८ धावांनी हरवले, ती कसोटी गुलाबी चेंडूचीच. आणि आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाने २०२१ च्या दौऱ्यात ऑस्ट्रेलियातल्या करारा येथे केलेल्या १२७ धावा माझ्या मते या चेंडूवर कोणाही भारतीयाने खेळलेल्या डावांत अग्रभागी आहेत. तिने त्या सामन्याच्या कितीतरी आधी एक गुलाबी चेंडू मागवून स्वतःजवळ ठेवला होता, नुसता पाहायला आणि समजून घ्यायला. कोलकात्याच्या सामन्याआधी अजिंक्य रहाणेनेही उशाशी गुलाबी चेंडू ठेवून झोपल्याचे छायाचित्र टाकले होते. मला या दोन्ही गोष्टींतून एकच दिसते: आपल्या खेळाडूंना हा चेंडू सवयीचा होण्याइतका मिळतच नाही. देशांतर्गत स्पर्धा असलेला दुलीप करंडक २०१६ ते २०१८ असे तीन मोसम गुलाबी चेंडूने खेळवला गेला आणि मग पुन्हा लालकडे वळला. तीन मोसमांत गोलंदाजाला लेप आणि फलंदाजाला काळी शिवण कळत नाही. इंग्लंडने कौंटी सामन्यांच्या ठरावीक फेऱ्या ड्यूक्सऐवजी कुकाबुराने खेळवून पाहिल्या, २०२३ मध्ये दोन आणि पुढच्या वर्षी चार. तो प्रयोग सर्वांना आवडला असे नाही, पण आधी घरच्या स्पर्धेत वापरून पाहायचे आणि मग बोलायचे, ही पद्धत मला योग्य वाटते.

चेंडूला म्हातारे होऊ द्यावे, ही माझी एकट्याची हळहळ नाही. एकदिवसीय सामन्यांत २०११ पासून दोन टोकांना दोन नवे चेंडू वापरले जात होते, त्यामुळे डाव संपेपर्यंत प्रत्येक चेंडू फक्त २५ षटके जुना होई आणि उलटा स्विंग जवळपास नाहीसा झाला. अखेर जुलै २०२५ पासून नियम बदलला: ३४ षटकांपर्यंत दोन चेंडू, आणि पुढच्या १६ षटकांसाठी त्यांतला एकच, क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने निवडलेला. ज्या आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने पांढऱ्या चेंडूच्या बाबतीत ही चूक चौदा वर्षांनी दुरुस्त केली, तिने तीच चूक कसोटीत वेगळ्या रंगाने करू नये.

म्हणून सगळ्या कसोट्या गुलाबी चेंडूने खेळवण्याच्या सूचनेला माझा विरोध आहे. दिवस-रात्र कसोटी मात्र राहावी. ॲडलेडच्या त्या पहिल्या सामन्याला तीन दिवसांत सुमारे १ लाख २३ हजार प्रेक्षक आले होते, आणि कामाचा दिवस संपवून कसोटीचे शेवटचे सत्र पाहायला मिळणे ही नोकरदार माणसासाठी मोठी गोष्ट आहे. मार्च २०२७ मध्ये कसोटी क्रिकेटला दीडशे वर्षे होतात, त्या निमित्ताने मेलबर्नला ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्यात होणारा सामना दिवस-रात्र ठेवला आहे. तो मीही पाहणार आहे. परंतु नियमावलीत दोन दुरुस्त्या व्हायला हव्यात. पहिली वॉर्न यांचीच: गुलाबी चेंडू साठ षटकांनी बदलता यावा, कारण ऐंशी षटकांचा हिशेब लाल चेंडूच्या आयुष्यावर बसवलेला आहे. दुसरी मोठ्या विश्रांतीची वेळ. कोलकात्यात खेळ दुपारी १ ला सुरू झाला, ३ ते ३.४० मोठी विश्रांती आणि ५.४० ते ६ छोटी. तिथे नोव्हेंबरात सूर्य पाचच्या आत मावळतो, म्हणजे दिवेलागणीचा सगळा वेळ बरोबर सत्राच्या मधोमध आला. चाळीस मिनिटांची विश्रांती त्या त्या गावच्या सूर्यास्ताभोवती ठेवली, तर दोन्ही संघांना एकतर ऊन मिळेल किंवा रात्र मिळेल. यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही, पंचांग लागते.

क्लबसाठी हे चेंडू घ्यावेत का, असे मला तीन-चार जणांनी विचारले. मैदानावर चांगले प्रकाशझोत असतील आणि संध्याकाळनंतरच वेळ मिळत असेल, तर दोन घेऊन पाहावेत. रात्री ते पांढऱ्या कपड्यांवरही स्वच्छ दिसतात आणि लाल चेंडूसारखे तपकिरी होऊन हरवत नाहीत. दिवसा सराव करणाऱ्यांनी लाल चेंडूच घ्यावा, त्यातच मुलांचे शिक्षण आहे. मॅटवर किंवा सिमेंटवर गुलाबी चेंडू मुळीच वापरू नये. आमच्या सरावातला एक चेंडू अशा पृष्ठावर दोन तासांत टवके उडून निकामी झाला. वापरण्याआधी मुलांची रंगदृष्टी जरूर तपासावी. ऑस्ट्रेलियाचा माजी यष्टिरक्षक मॅथ्यू वेड याला लाल-हिरव्या रंगांतला फरक नीट कळत नाही आणि त्याने या चेंडूची अडचण उघडपणे सांगितली होती. आमच्याकडेही एक मुलगा नेटमध्ये सतत उशिरा खेळत होता, आणि आम्ही दोन आठवडे त्याच्या पायांच्या हालचालीवर काम करत राहिलो. दोष डोळ्यांत आहे हे त्याच्या आईने सांगितले तेव्हा कळले. त्या मुलाची मी माफी मागितली.

सहापैकी तीन चेंडू अजून न वापरलेले आहेत. फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवार-रविवारी तिसरा सामना ठेवला आहे. साठाव्या षटकानंतर नवा चेंडू मिळेल, खेळ बाराला सुरू होईल, आणि सहा ते पावणेसात चहा.